सुरांआधीचा श्वास

मंडळी, माझी लेक जर्मनीत चेलो वाजवते, म्हणजे गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन. तिचा ग्रुप तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्याच काळच्या वाद्यांवर वाजवतो. आज सकाळी तिने नवीन रेकॉर्डिंग पाठवलं.

अंबडला जाताना कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावला. सुरुवातीलाच कुणीतरी जोरात श्वास घेतला. मी लगेच मेसेज केला, "मनू, श्वासाचा आवाज राहिलाय बघ, कापायला सांग."

तिचा फोनच आला. "पप्पा, तो माझा श्वास आहे. आमच्यात हाताने इशारा करणारं कुणी नसतं. मी श्वास घेतला की सगळे सुरू करतात."

पुढचं संगीत मी अजून ऐकलेलंच नाही. कंपनी येईपर्यंत तेवढा श्वासच पुन्हा पुन्हा लावला.

तिला तिकडे जाऊन तीन वर्षं झाली, फोनवर रोज बोलते. पण श्वास शेजारी बसलेल्या माणसाचाच ऐकू येतो ना हो?