मुका झालेला लॅपटॉप
केळीचे वेफर्स तळल्याचा वास आला की जळगावातलं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. शेजारीच कढई असायची. मला दिसत नाही. लॅपटॉप स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, त्याच्या भरवशावर मी वकिलांची रेकॉर्डिंग ऐकून टायपिंग करते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कागद द्यायचे होते आणि दुकानदाराने टाकलेल्या नव्या अँटिव्हायरसने वाचणारा प्रोग्रामच व्हायरस समजून बंद केला. "अक्का, समोर 'परवानगी द्या' आलंय, तेवढं दाबायचं," तो म्हणाला. "भाऊ, ते वाचून दाखवणाऱ्यालाच तुम्ही गप्प केलंय." मग त्यानेच दाबून दिलं. असोद्याला घरी येऊन लॅपटॉप सुरू केला, तर पुन्हा मुका. काम दुसऱ्या टायपिस्टकडे गेलं. आता मी अँटिव्हायरस घेण्याआधी दुकानदाराला स्क्रीन बंद करून ते चालवायला सांगते. "एकदम सोपं आहे" म्हणणाऱ्यांपैकी अजून एकालाही जमलेलं नाही.