शक्की आत्याचं मत

आमची आत्या देवळातली घंटा दोनदा वाजवायची. पहिल्यांदा देवासाठी, आणि दुसऱ्यांदा घंटा पितळेचीच आहे ना, ते ऐकायला. पुजाऱ्याने एकदा विचारलं तर म्हणाली, "मागच्या साली हिचा आवाज पार मळ्यापतुर जायचा. बदलली तर न्हाई ना कुणी?" बदलली नव्हती. पण त्या दिवसापासून पुजारीही घंटेकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागला. आत्याचा संशय पुष्कळदा खोटा निघायचा, पण साथीसारखा पसरायचा.

गावात तिला 'शक्की आत्या' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. आधी कोण म्हणालं, याची मात्र चौकशी चालू असायची. नात्याने ती माझी आतेसासू, म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर भावाने तिला आमच्या घराला लागून एक खोली बांधून दिली, तर तिने पहिल्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन ती खोली स्वतःच्या नावावर लावून घेतली. सख्ख्या भावाला तोंडावर म्हणाली, "तू चांगला हाईस रे. पर तुझी पोरं कशी निघतील, मला काय ठाव?" त्या पोरांतलाच एक माझा नवरा. दवाखान्यात रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा लावू लागले, की ती डॉक्टरांना सांगायची, आधी तुमचा बघा. त्यांचा जास्त निघाला तर दिवसभर खुशीत असायची.

अशा बाईच्या घरात मी तेलगावहून सून म्हणून आले, दहावी पास. गणितात काठावर सुटले होते, पण सुटले होते. गल्लीतल्या सुनांमध्ये दहावी झालेली मी एकटी, आणि हे कुणी विसरू नये याची काळजी मीच घ्यायचे. दुपारी ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचायचे. अवघड शब्द आला की खोकला काढायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे. चाळिशीला टेकले तरी हा खोकला गेला नव्हता. आता नातवंडं विचारतात, आजी तू तरुणपणी कशी होतीस? मी म्हणते, टरबुजासारखी. वरून गरगरीत, आत पाणी.

घरपट्टी भरल्याशिवाय ग्रामपंचायत दाखला देत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. लोक पट्टी भरताना कुरकुरतात आणि भरली की विसरतात. आत्याचं उलटं. ती मुकाट्याने भरायची आणि तिथून थेट शाळेत जायची. रस्ता खडबडीत, दिवे लागत नाहीत, नळाला पाणी नाही. तेव्हा आपल्या पट्टीचं काही झालं असेल तर ते शाळेतच दिसेल, असं तिचं म्हणणं. नवा बाक आला असेल तर त्यावर बसून दोन्ही बाजूंना हलून बघायची. खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण उचलायची. मोठे गुरुजी म्हणजे हेडमास्तर, सज्जन माणूस. त्यांनी एकदा समजावून सांगितलं की शाळेचा पैसा वरून येतो, तुमच्या पट्टीचा त्याच्याशी संबंध नाही. आत्या म्हणाली, "वरून पाऊस येतो, गुरुजी. पैसा खालूनच जातो."

त्या शाळेला आप्पांनी फाटक बसवून दिलं होतं. आप्पा म्हणजे गावचे पुढारी. काम कुठलंही निघो, ठेका त्यांच्या मेहुण्याकडे. फाटक चांगलं होतं, निळ्या रंगाचं, वर कमान. फक्त दोन्ही बाजूंना भिंत नव्हती. भिंतीचा पैसा पुढच्या साली येणार होता आणि ते साल काही येत नव्हतं. पोरं, शेळ्या, गुरुजी सगळे बाजूने जात. आत्या एकटी फाटकातून जायची. कडी काढायची, आत शिरायची, वळून कडी लावायची. कुणी हसलं तर म्हणायची, "एवढंच तर झालंय आपल्या पैशाचं. वापरू द्या की."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर एक दिवस वर्गाच्या छताचा पोपडा निसटून सोनीच्या पाटीवर पडला. सोनी म्हणजे आत्याची नात, तिसरीतली. लेक-जावई दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, ते पार उन्हाळ्यात परतत. तोवर पोरीची माय, बाप सगळी आत्याच. पाटी फुटली. पोर वीतभर पुढे सरकून बसली असती तर डोकं फुटलं असतं. आत्याने तो पोपडा पदरात घालून घरी आणला, बोटाने चुरला आणि बराच वेळ काही बोलली नाही. आत्या बोलत नाही, हे आमच्या घरात आजारपणाचं लक्षण समजत.

मग शाळेला नव्या खोल्या मंजूर झाल्या. पैसा शाळेच्या समितीच्या खात्यावर येणार होता आणि त्यावर मोठ्या गुरुजींच्या जोडीला समितीच्या अध्यक्षाची सही लागणार होती. जुनी समिती मुदत संपून गेलेली, त्यामुळे पालकांची सभा घेऊन नवा अध्यक्ष निवडायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी आप्पा आमच्या घरी आले. म्हणाले, वहिनी, शिकलेलं माणूस पाहिजे, गावात तुमच्यासारखं दुसरं कोण हाय? माझा धाकटा तेव्हा चौथीत, म्हणजे मी पालक होतेच. मी लाजले, आढेवेढे घेतले, आणि आप्पांचा विचार बदलेल की काय या भीतीने लगेच हो म्हणून टाकलं.

आप्पा गेल्यावर आत्या आतून बाहेर आली. "त्यानं तुलाच कावून इचारलं?"

"शिकलेली आहे म्हणून."

"अंगठा लावणारा आदी इचारतो, कागद कशाचा हाय. सही करणारा आदी पेन इचारतो."

मला वाटलं, म्हातारी जळते. त्या आठवड्यात मी कॅलेंडरच्या मागे सहीचा सराव केला. नावाखाली एक वेलांटी ओढली, तिच्याखाली दोन टिंबं दिली. सही अशी झाली की चेकवर मावली नसती.

आणि आत्याने जाहीर केलं की तीही उभी राहणार. सोनीची पालक म्हणून.

तुम्ही कधी एका चुलीवरचे दोन उमेदवार बघितलेत का? मी भाकरी थापायची, ती भाजायची. मी वाढलेलं कालवण ती मी पहिला घास घेईपर्यंत शिवायची नाही. सकाळी दोघी एकाच दारातून बाहेर पडायचो आणि वेगवेगळ्या गल्ल्या धरायचो. मी दारोदार गुणवत्ता, सर्वांगीण विकास असले शब्द पसरत होते. अडलं की खोकत होते. आत्याचा प्रचार एका वाक्याचा होता: "आमच्या सूनबाईला मत देऊ नका. पोरगी चांगली हाय, पर नुसतीच चांगली हाय." तिच्यासमोर दुसरं कुणी मला नावं ठेवायला लागलं, की त्याचे वाभाडे काढायची. आमच्या घरातलं आमी बघू, म्हणायची. लोक चक्रावून जायचे की ही नेमकी कुणाच्या बाजूची.

सभा शाळेसमोरच्या लिंबाखाली भरली. मोठे गुरुजी म्हणाले, हात वर करून मत द्या. आत्या उठली आणि म्हणाली, हात वर झाला की आप्पा वळून बघतो, हात कुणाचा हाय. आप्पा हसले, पण बायकांत चुळबुळ झाली. मागे बसलेल्या बौद्धवाड्यातल्या ताराबाईने मोठ्याने सांगितलं की आत्याचं बरोबर आहे, मत गुपितच पाहिजे. शेवटी घागर आणली. मला ज्वारी, आत्याला तूर. प्रत्येक पालकाला दोन्हींचा एकेक दाणा द्यायचा. त्यातला एक मुठीने घागरीत सोडायचा, दुसरा तसाच मुठीत घेऊन जायचा. आत्याने घागर उपडी करून बघितली, आत हात घालून चाचपली, मगच रांग लागली.

मी एका दाण्याने निवडून आले. आप्पांनी लगेच पिशवीतून हार काढला. आत्या म्हणाली, हार कुणाच्या गळ्याचं माप घेऊन आणलाय? पण तिचं ऐकायला मी भानावर कुठे होते. हार घालून मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आले. माळी गल्लीत एका शेळीने हाराला तोंड लावलं, तेव्हा घाई केली.

संध्याकाळी आत्या चुलीजवळ बसली होती. वरणाला आधण आलं होतं. तिने पदराची गाठ सोडली, आतून एक दाणा काढला आणि डाळीत टाकला. तुरीचा दाणा. म्हणजे घागरीत हिने ज्वारी टाकली होती. म्हणजे माझा तो एक दाणा, ज्याच्या जोरावर मी गाव फिरून आले, तो हिचा होता.

"आत्या, तुम्ही स्वतःला मत दिलं न्हाई?"

"परवा आप्पा माझ्याकडं बी येऊन गेलता," ती जाळ सारत म्हणाली. "म्हणला, आत्या, निवडून आलात तर तुमच्या खोलीची पट्टी माफ करून घेऊ. मी हाकलला त्याला. पर हाकलायच्या आदी, सूनबाई, मला घडीभर बरं वाटलं."

ती वरण ढवळू लागली.

"ते बरं वाटलेलं मला आवडलं न्हाई. तुझ्यावर मी नजर ठेवीन. माझ्यावर कोण ठेवील?"

मग ती नजर ठेवू लागली. खोल्यांचं काम सुरू झालं तशी रोज सोनीला शाळेत सोडून वाळूच्या ढिगाशेजारी बसायची. तिला बांधकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. एका भल्या मिस्त्रीवर तिने आठवडाभर डूक धरला, कारण तो काम करताना गाणं म्हणायचा. एवढं खुशीत असायला याला मिळतंय काय, असं तिचं म्हणणं. त्याला जेवणाचा डबा उघडून दाखवायला लावला, तर आत भाकरी आणि मिरच्या. त्या दिवशी घरून त्याला भाकरीशी खायला कोरड्यास गेलं. पण सिमेंटची पोती आली की ती उठून जवळ जायची, आणि ती जवळ आली की आप्पांच्या मेहुण्याची माणसं मालात सिमेंट कमी टाकायचं थांबायची. एवढ्यानेच पुष्कळ काम होत होतं.

छताच्या सळया अजून यायच्या होत्या, तेव्हा आप्पा एक कागद घेऊन घरी आले. छत झालं असं त्यावर लिहिलेलं, म्हणजे छताचा पैसा सुटणार. म्हणाले, सायबांची घाई हाय वहिनी, वर पाठवायचाय, छत तर होणारच हाय. मी पेन काढलं. वेलांटी आणि दोन टिंबं बोटांत तयार होती. आत्या उंबऱ्यात बसून सोनीची वेणी घालत होती. ती वेणी घालायची थांबली.

लोक म्हणतात, मी त्या दिवशी मोठं धाडस केलं. कसलं आलंय. आप्पांची भीती होतीच, पण आप्पा चहा पिऊन जाणार होते आणि आत्या माझ्याच चुलीपाशी राहणार होती. मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, छत झालं की सही. आप्पा हसले, मग हसायचे थांबले. काम बरेच दिवस बंद पडलं. पोरं पटांगणात बसली, आणि बाया मला नळावर ऐकवायच्या की अध्यक्षीणबाईंच्या तोऱ्यापायी लेकरं उन्हात बसली. मी रडवेली व्हायचे. आत्या म्हणायची, उन्हानं डोकं फुटत न्हाई. शेवटी ताराबाई आणि आम्ही काही जणी तालुक्याला जाऊन बसलो, वरून माणूस बघायला आला, आणि मगच सळया आल्या. छत झालं, सुकलं, त्याखाली वर्ग भरला. पहिले काही दिवस आत्या सोनीसोबत आत जाऊन छताकडे मान वर करून उभी राहायची. मग एका सकाळी दारातूनच म्हणाली, जा गं, आज तू एकलीच जा. मला मिळालेलं सर्टिफिकेट ते एवढंच.

माझी मुदत संपत आली तोवर आत्याची नजर गेली होती. मोतीबिंदू. शस्त्रक्रियेला तयार होईना. डोळे काढून दुसऱ्याचे बसवतात, अशी तिला शंका होती. धाकटा सातवीत गेला होता, म्हणजे मला पुन्हा उभं राहता येत होतं, आणि आता तर लोकच आग्रह करत होते. मी तिच्या खाटेशेजारी बसून तिला हे ऐटीत सांगितलं.

"उभी राहू नको," आत्या म्हणाली. "आता मला दिसत न्हाई."

मला लागलं ते. "इतकं झालं तरी तुमचा माझ्यावर भरवसा न्हाई का?"

तिने चाचपून माझा हात धरला. "हाय. म्हणून तर भ्या वाटतंय."

मी उभी राहिले नाही. झालं, गावात कुजबूज सुरू झाली. एवढा मान मिळत असताना बाई मागं सरली ती कावून? काहीतरी खाल्लं असणार आणि आता उघडं पडेल म्हणून घाबरली. मी हे आत्याला सांगायला गेले तेव्हा माझा आवाज रडका होता. आत्या मात्र उशीला रेलून बसली. किती तरी दिवसांनी तिच्या तोंडावर तरतरी आली.

"आदी कोण म्हणलं?"

"ताराबाई. भर नळावर म्हणाली, अध्यक्षीणबाईंकडून सगळा जमाखर्च घेतला पाहिजे."

"मग तिलाच उभी करा," आत्या म्हणाली.

आणि त्या खेपेला मी दारोदार फिरले ते ताराबाईसाठी, जी मला चोर समजत होती.