एडनबाबांचं एकच खोटं

माझ्या आजोबांना खोटं बोलता येत नसे आणि त्याचा घरादाराला ताप होता. आत्याला बघायला पाहुणे आले, तेव्हा कुणी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "पोरगी गुनाची हाय, पन रागीट हाय. आपल्या आयवर गेलीय." तेव्हापासून पाहुणे येणार म्हटलं की आजी काहीतरी काम काढून त्यांना खाडीकडे पिटाळायची. नेरूळ गावात सगळे त्यांना एडनबाबा म्हणत, आम्ही नातवंडं नुसतं बाबा.

एडन हे अरबस्तानातलं बंदर. इंग्रजांच्या राज्यात तिथे मोठी मिठागरं होती, आणि आम्हा आगरी लोकांच्या तर मीठ हाडीमाशी भिनलेलं. ऐन विशीत बाबा थोरल्या भावाबरोबर, दादाबरोबर, बोटीनं तिकडे कामाला गेले. तिथल्या उन्हाबद्दल म्हणायचे, "आपल्याकडं मीठ पिकतं, तिकडं मानूस पिकायचा." समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पवनचक्क्या सांगताना त्यांचे दोन्ही हात गोल फिरत आणि शेजारचा चहाचा कप हमखास उपडा होई. दादाचा विषय मात्र ते टाळायचे.

दादा तिथेच तापानं गेला होता. परक्या किनाऱ्यावर धाकट्यानं थोरल्याला अग्नी दिला आणि एकटाच परतला. धक्क्यावर दादाची बायको, आमची मोठीआय, उभी होती. नवी नवरी, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिनं विचारलं, "भावजी, एकलेच?" आणि जन्मात खोटं न बोललेल्या माणसाच्या तोंडून निघून गेलं, "दादा मागं ऱ्हायला. काम हाय."

खरं सांगितलं असतं, तर त्याच दिवशी तिच्या बांगड्या फुटल्या असत्या. पुढे जन्मभर कुणाच्या हळदीला लांब बसणं आलं असतं. बाबांच्यानं ते झालं नाही. मग ते खोटं त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलं. दर गौरी-गणपतीला मोठीआयला कासाराकडे न्यायचे, "दादाचा सांगावा हाय, चुडा भरा." लढाई लागली तेव्हा "जहाजं बंद हायत" म्हणाले. इंग्रज तिथून निघून गेले तेव्हा, "राज बदललाय, सोडीत नाय कुनाला." मोठीआय मान डोलवायची आणि हात पुढे करायची.

मिठागरं बुजली, तिथे इमारती आल्या, गावाजवळ रेल्वे आली. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा बाबांनी ऐंशी ओलांडली होती. एका संध्याकाळी गच्चीवर त्यांनी मला हे सगळं सांगितलं. घरात वडिलांना ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही. "मरनाची भीती नाय गो," ते म्हणाले. "पन मी आधी गेलो तर तिच्या बांगड्या कोन राखल?"

त्यासाठी त्यांनी बिडी सोडली. डॉक्टरला शिव्या घालत का होईना, गोळ्या वेळेवर घेतल्या. "वयनीला पोचवल्याबिगर मना जायचा नाय," असं बजावायचे. मला तेव्हा त्यांची फार माया यायची आणि भीतीही वाटायची.

थंडीतल्या एका सकाळी अंगणात ऊन घेत बसल्या जागीच बाबा गेले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. त्यांना आत आणून निजवलं. मी आणि वडील एकमेकांकडे पाहत होतो. आता मोठीआयला काय सांगायचं, आणि कुणी?

मोठीआय आली. बाबांच्या अंगावरची चादर तिनं नीट केली. मग उंबऱ्याशी बसली आणि दोन्ही हात त्यावर आपटले. काचा उडाल्या. बायका धावल्या, "मोठीआय, काय करतेस? घोव जिता हाय ना तुझा!"

"तो कवाच गेलाय. ह्यो धक्क्यावर उतरला, तवाच याचं तोंड बघून मी समजले."

वडील तिच्यापुढे खाली बसले. "मग इतकी वर्षं चुडा...?"

"जन्मात एकदा खोटं बोलला ह्यो, तेबी माझ्यापायी. मी त्याला खोटा कशी पाडू?"

तिनं मनगटावरचं रक्त पदराला पुसलं आणि वडिलांना जवळ बोलावलं.

"दहाव्याला पिंड दोन ठेव," ती म्हणाली. "थोरल्याचा आधी."