मिठाचा हिशोब

मी विलायतेला निघालो तेव्हा सोलापूर स्टेशनवर आई भेटेल त्याला सांगत होती, "मिठाचा हिशोब करायला चाललाय. मीठ काय, हितंबी मिळतंय की." शेजारी उभ्या मल्लिनाथला हसू आवरेना. आम्ही दोघं एका बाकावर बसून एम.एस्सी. झालो. त्याला गावातच कॉलेजात नोकरी लागली, मला बाहेरची शिष्यवृत्ती. गाडी हलली तेव्हा तो आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, यांच्या मध्ये उभा होता. मी जिंकलो, हा मागे राहिला, असं मला वाटलं.

काम खरंच मिठाचं होतं. मिठाच्या स्फटिकाच्या अगदी वरच्या थरातून एक इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागेल, ते कॉम्प्युटरवर काढायचं. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तराचे कागद आणायचे. माझं उत्तर प्रयोगापेक्षा नेहमी जास्त येई. अख्खा हिवाळा मी कार्डं तपासत बसलो. शेवटी आमच्या प्राध्यापकबाईंनी चूक दाखवली. इलेक्ट्रॉन गेल्यावरही मी शेजारचे आयन, म्हणजे स्फटिकातले भारित अणू, होते तसेच धरले होते. एक गेला की शेजारी त्या जागेकडे झुकतात आणि सावरून घेतात, म्हणून त्याला काढायला एवढी ताकद लागत नाही. वरच्या थरावर शेजारी कमी, पण असतील तेवढे झुकतातच. मी हिशोब पुन्हा मांडला आणि उत्तर जुळलं.

तिसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आलो. संध्याकाळी मल्लिनाथ आला, चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरला. आईनं त्याला न विचारता भाकरीवर शेंगाचटणी आणि दही वाढलं. मला मात्र विचारलं, "तुला तिखट चालतंय न्हवं आता?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. दादांनी "मल्लू, माझा चष्मा" म्हटलं आणि त्याचा हात बरोबर कोनाड्यात गेला. तो चष्मा कुठं असतो हे मला ठाऊक नव्हतं.

तो गेल्यावर मी आईला विचारलं, "हा रोज येतो?"

"व्हय. तू गेल्यावर घर खायला उठायचं. दादांना घास उतरत नव्हता. मग तो येऊन बसायला लागला. लई गुणाचा हाय."

गुणाचा आहेच, तोच तर त्रास आहे. त्याच्यात खोट सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. एक गेला की शेजारी सावरून घेतात, हे आयनांचं मी मुकाट्यानं मान्य केलं होतं. माणसांचं अजून जमत नाही.

परत निघताना आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आता आमची काळजी करू नगं. मल्लू हाय."

माझा जीव हलका व्हावा म्हणून ती बोलली, आणि मी मान हलवली. तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून गेलात त्यांना हे कळेल. जे मागे राहिलात त्यांनी राग मानू नये. इथं विलायतेत कुणी घर विचारलं की मी सोलापूर सांगतो. पण घर म्हणजे आता ज्यांचं माझ्यावाचून अडत नाही अशी दोन माणसं. अडावं, थोडं तरी अडावं, असं मला रोज वाटतं.