कपचीमागचं नाव

रिओतल्या बोताफोगोमागच्या टेकडीवर, पत्र्याच्या खोपटात लालिया धुणंवाली आणि तिचा एकुलता एक मुलगा अदाउतू राहत होते. पोरगं गिरणीत कामाला होतं. विशीच्या आतच त्याच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं आणि गिरणीने त्याला घरी बसवलं.

त्याच दिवसांत समोरच्या कोर्कोवादो डोंगरावर ख्रिस्ताचा पुतळा उभा राहत होता. प्रत्येक चर्चमधून त्यासाठी झोळी फिरायची. बड्या लोकांची देणगी वर्तमानपत्रात यायची. लालिया घेवड्यात पाणी वाढवायची, स्वतः अर्धपोटी राहायची आणि दर रविवारी एक मिलरेइसचं नाणं झोळीत टाकायची.

"त्या पैशात पोराला दूध पाज गं!" शेजारची बेनेदिता करवादायची. "दगडाला कसली भूक लागलीय?"

"दुधाने जीव वाचत नसतो. वाचवणारा तोच."

पुढे चर्चच्या दालनात बायका पुतळ्यावर बसवायच्या तिकोनी दगडी कपच्या कापडावर चिकटवू लागल्या. कपचीच्या मागे आपल्या माणसाचं नाव लिहायची मुभा होती. लालियाला अक्षर येत नव्हतं. अदाउतूनेच अंथरुणात बसून, कोळशाने जमिनीवर गिरवून तिला 'अदाउतू' लिहायला शिकवलं.

"नीट लिही हं आई," तो हसत म्हणाला. "नाहीतर भलताच कोणी बरा व्हायचा!"

तिने नीट लिहिलं. जन्मात तेवढंच लिहिलं.

जूनमध्ये अदाउतू गेला. गोरगरिबांच्या सामाईक खड्ड्यात त्याला पुरलं. वर साधी पाटीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी लालिया दालनात जाऊन उभी राहिली.

"माझी कपची परत द्या."

"अगं बाई, ती वर गेली, सिमेंटात बसली," तिथलं काम बघणाऱ्या दोना कार्मेलिता म्हणाल्या. "आता ती देवाच्या अंगावर आहे. त्याची इच्छा, लालिया. धीर धर."

"त्याचीच इच्छा चालायची होती, तर झोळी पुढे करताना का नाही सांगितलंत?"

दोना कार्मेलितांनी पुढचं कापड ओढून कपच्या मोजायला घेतल्या.

आमच्याकडे संत अंतोनियो नवसाला पावला नाही, तर त्याच्या घरातल्या मूर्तीला भिंतीकडे तोंड करून उभं करतात, उलटं टांगतात, विहिरीतसुद्धा सोडतात. त्यात पाप कोणी मानत नाही. पण डोंगराएवढा ख्रिस्त कोण फिरवणार? जिथे धुणं वाळत घालावं, तिथे तो हात पसरून समोर.

उद्घाटनाच्या संध्याकाळी पुतळ्यावर दिवे लागले आणि सगळी टेकडी गुडघ्यांवर आली. लालिया तेवढी दारात ताठ उभी होती. तिच्या डोळ्यांतला द्वेष बेनेदिताने पाहिला. ती उठून जवळ आली.

"उद्या माझ्या नवऱ्याला सांगते. हे दार बुजवू, मागच्या बाजूने नवं काढू. नजरेसमोर नकोच तो."

"नको."

"का गं? इतका राग आहे ना?"

"राग आहेच. मरेपर्यंत राहील." लालियाने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "पण माझ्या पोराचं नाव दुसरीकडे कुठेच नाही गं. नेमकं कुठे बसवलंय, तेही कोणाला ठाऊक नाही. मग त्या सगळ्याकडेच बघत बसावं लागतं."