आतोबा आणि हैदराबादचा रस्ता

"लग्न माझ्याशी लागलं, पण संसार केला तो हैदराबादच्या रस्त्याशी!"

आत्या हे दूधवालीला सांगत होती, मला नव्हे. मी आदल्याच दिवशी पुण्याहून सोलापूरला आले होते आणि माजघरात ट्रंक उघडून बसले होते. दूधवाली म्हणाली, "मग सवत सरळ तरी हाय की वैनी. आमच्या गल्लीतल्या लई वाकड्या हायत." त्यावर दोघी पुष्कळ हसल्या.

मला तेव्हा ती थट्टा वाटली. पुढे कळलं की आत्याने काही वाढवून सांगितलं नव्हतं. पुण्याकडून येऊन सोलापुरावरून हैदराबादला जाणारा तो जुना हमरस्ता हीच पृथ्वीवरची एकमेव खरी वस्तू आहे आणि बाकी सगळं, म्हणजे गावं, गिरण्या, कोर्टकचेऱ्या आणि खुद्द आत्या, त्याच्या कडेने नंतर उगवलं, असं माझ्या आतोबांचं ठाम मत होतं. आगगाडीने या रस्त्याचा घात केला म्हणून ते आगगाडीत पाऊल ठेवत नसत. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला सगळं घर गाडीने पुण्याला आलं आणि आतोबा बैलगाडीने निघाले. ते पोचले तेव्हा मांडव सोडायचं काम चाललं होतं. अंगावरची धूळसुद्धा न झटकता त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "मुहूर्त चुकला हे खरं, पण भिगवणच्या अलीकडे रस्ता पूर्वी नदीच्या बाजूने जात होता, हे सिद्ध झालं." वडिलांनी त्यांना उरलेले लाडू वाढले.

आतोबा कोर्टात नाझर होते, समन्स आणि जप्त्या त्यांच्या हातून बजावल्या जात. पेन्शन घेतली तरी कोर्ट त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. रस्त्याचा इतिहास ते वाचत नसत, त्याचा खटला चालवत. म्हातारं माणूस दिसलं की तो साक्षीदार. आत्याच्या हळदीकुंकवाला आलेली एक आजीबाई सहज म्हणाली की तिची सासू नळदुर्गाहून गाडीने आली होती. झालं. आतोबा दाराआडून बाहेर आले आणि सगळ्या बायकांसमोर त्यांनी उलटतपासणी सुरू केली. "वाटेत विहीर डाव्या हाताला होती की उजव्या? नीट आठवून सांगा. तुमच्या सासूबाई तोंड कुणीकडे करून बसल्या होत्या?" आजीबाई वाण न घेताच घरी गेली. आतोबांच्या छत्रीवर पांढऱ्या रंगाने फूट आणि इंच आखलेले होते. छत्री हे मोजायचं साधन आहे, असं ते म्हणत. पाऊस आला की खुणा धुऊन जातील म्हणून ती मिटून कोटाच्या आत धरत आणि स्वतः भिजत.

माझं सारं शिक्षण पुण्याच्या कॉन्व्हेंटात झालेलं. वडिलांची लांब बदली झाली म्हणून मला आत्याकडे ठेवलं होतं. आल्यागेल्यापुढे आत्या मला "आमची मडमीच्या शाळेतली" म्हणून उभी करी आणि मी जमिनीकडे बघे. मराठी बोलावं तर चुकेल, इंग्रजी बोलावं तर शिष्टपणा दिसेल, म्हणून मी बोलतच नसे. आतोबांना मात्र हा गुण फार आवडला. "साक्षीदार असा पाहिजे," ते आत्याला म्हणाले, "विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा." आणि दर रविवारी ते मला टांग्यात घालून रस्त्यावर नेऊ लागले.

टांगेवाला नेहमीचाच होता. प्रत्येक मैलाच्या दगडाशी आतोबा उतरत, छत्री लावून दगड मोजत, त्याच्याभोवती एक फेरी घालत आणि पुन्हा चढत. अशा रविवारांनी घोड्याला इतकी सवय लागली की दगड दिसला की तो आपणहून थांबे आणि कुणीतरी खाली उतरल्याशिवाय पाऊल उचलत नसे. "नाझरसाब," टांगेवाला एकदा कळवळून म्हणाला, "काल डॉक्टरसाबकू लेके जा रहा था. घोडा हर पत्थरपे रुक्या. डॉक्टरसाब उतरे, चढे, उतरे, चढे. क्या क्या गालियां दिये मेरेकू!" आतोबा घोड्याची मान थोपटून म्हणाले, "ह्या एकट्यालाच मी समजलो."

पण आतोबांचा खरा जीव होता तो बोरामणीच्या अलीकडे बाभळीखाली बसलेल्या एका दगडात. आख वाटेत मोडू नये म्हणून निजामाच्या मोगलाईत जाणारा प्रत्येक गाडीवान तिथे थांबे, वंगणाची नळी काढी, काडीने बोटभर वंगण आधी दगडाला लावी आणि मगच चाकाला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंगणाने तो दगड काळाभोर, गुळगुळीत आणि माणसाएवढा जाड झाला होता. गाडीवान त्याला वंगणोबा म्हणत. शेजारी रांजण भरून एक धनगर म्हातारी बसलेली असे. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचं आणि देवाला जपायचं, ही तिची दोन कामं. पुरुषाचा उघडा हात वंगणोबाला लागला तर त्या दिवशी रस्त्यावरच्या गाड्यांचे आख मोडतात, असा तिथला नेम होता. त्याला न्हाऊ घालायचं ते बायकांनी.

आतोबांचं म्हणणं असं की हा कंपनी सरकारच्याही आधीचा, कुण्या राजाचा कोसाचा दगड आहे. वंगणाखाली राजाचा लेख असणार आणि तो वाचला गेला की हा रस्ता इंग्रजांनी बांधला म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. ही तोंडं वाचनालयात बसत आणि रोज विचारत, "काय नाझरसाहेब, वंगणोबावर समन्स बजावलं का?" आतोबा छत्री उचलून चालू लागत. ते दर रविवारी म्हातारीपुढे उभे राहत.

"आजी, इंचभर खरवडू द्या. एकच इंच."

"देवाचं आंग खरवडताय व्हय? तुमचं खरवडू का मी आधी?"

"बरं. पुढच्या रविवारी येतो."

"या की. पानी प्या आन जावा."

दोन वर्षं हेच संभाषण चाललं. त्यात एका शब्दाचा फरक पडला नाही आणि दोघांपैकी कुणी थकलं नाही. आतोबा येतील म्हणून म्हातारी रविवारी रांजण घासून ठेवते, हेही माझ्या लक्षात आलं होतं.

एका रविवारी वंगणोबाला न्हाऊ घालायचं होतं. म्हातारीची बोटं आखडली होती. ती मला म्हणाली, "ए पोरी, तू ये. तुजा हात चालतो." मी कोमट तेलाचं बोळकं घेऊन बसले. मऊ वंगणातून माझी बोटं खाली गेली आणि एका वळणावर थांबली. ते वळण मला ओळखीचं होतं. कॉन्व्हेंटातल्या पहिल्या वर्षी ते नीट येईना म्हणून मी पाट्याच्या पाट्या गिरवल्या होत्या. तो इंग्रजी 'एस' होता. त्याच्या पुढे 'एच'. खाली एक आकडा. मी चांगलं दोनदा चाचपून पाहिलं. सोलापूरचं नाव इंग्रज 'शोलापूर' असं कोरतात, तसं कोरलेलं होतं.

दूर उभे राहून आतोबा टाचा उंचावत होते. "काय लागतंय गं बोटाला?"

"खडबडीत आहे," मी म्हटलं. ते खरंच होतं. पण त्यांचा चेहरा असा उजळला की पुढचं सांगायचं सोडून मी तेल चोळू लागले.

मग मोटारी वाढल्या. रस्ता रुंद करून डांबर घालायचं ठरलं आणि वंगणोबा आखणीत आला. बातमी टांगेवाल्याने आणली. आतोबांनी कोर्टाचा काळा कोट काढला, त्याला इस्त्री करवली आणि मला म्हणाले, "बांधकाम खात्याचा गोरा साहेब येणार आहे. मी बोलतो. अडलं तर तू."

आम्ही पोचलो तेव्हा पहारी घेतलेली माणसं उभी होती आणि म्हातारी दगडाला पाठ लावून बसली होती. साहेब मोटारीला टेकून पाइप ओढत होता. आतोबांनी टोपी सारखी केली आणि वाकून म्हणाले, "मे इट प्लीज युवर ऑनर, धिस स्टोन इज माय क्लायंट." साहेबाने मागेपुढे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत, ऐकू येईल न येईल अशा आवाजात, राजा, कोस आणि लेख यांचं इंग्रजी केलं.

साहेब वाईट नव्हता. तो म्हणाला की दगड खरवडून साफ करा. जुना लेख निघाला तर मी वरिष्ठांना लिहून तो वाचवीन. काही निघालं नाही, तर आजच फोडून खडी होईल. मी ते आतोबांना सांगितलं. मुकादमाने खुरपं काढलं.

"बाप्याचा हात लावू देनार न्हाय," म्हातारी म्हणाली. "आदी मला फोडा."

आतोबा ज्या घटकेसाठी दर रविवारी पाणी पिऊन परत जात होते, ती समोर उभी होती, तीही सरकारी हुकमाने. त्यांनी खुरप्याकडे पाहिलं. म्हातारीकडे पाहिलं. मग जप्तीच्या वेळी लावत असतील तो आवाज लावून मुकादमाला म्हणाले, "खबरदार! खरवडायचं नाही." आणि मला म्हणाले, "साहेबाला सांग, पुरावा देता येत नाही. पण दगडही देता येत नाही."

मी सांगितलं. साहेबाने घड्याळ पाहिलं आणि खेद वाटतो म्हणून मान हलवली. मुकादमाने हातावर थुंकून पहार उचलली. आतोबा म्हातारीच्या शेजारी, धुळीत, इस्त्रीच्या कोटासकट बसले.

मग मी कशी पुढे गेले, मला सांगता येणार नाही. म्हातारीने मला वाट दिली. मी मनगटापर्यंत हात वंगणात घातला, डोळे मिटले आणि बोटांना लागेल तसं एकेक अक्षर इंग्रजीत मोठ्याने वाचायला लागले. इतक्या मोठ्याने मी वर्गातही कधी वाचलं नव्हतं. "शोलापूर. नऊ मैल," मी म्हटलं. "सर, हा तुमच्याच खात्याचा दगड आहे."

साहेबाने नकाशा मागवला. त्यावर आठवा दगड होता, दहावा होता आणि नवव्यापुढे 'हरवला' असं लिहिलं होतं. खात्याने कधीच सोडून दिलेला दगड देव होऊन रस्त्याच्या कडेलाच बसला होता. साहेब खूप हसला. सरकारी दगड सरकारच कसा फोडणार? रस्ता दुसऱ्या बाजूने रुंद करा, असं सांगून तो मोटारीत बसला. म्हातारीने माझ्या कपाळाला वंगणाचं बोट लावलं.

आतोबांना कोर्टातलं इंग्रजी होतं. कुणाला त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता तो रस्ता काळा आणि गुळगुळीत आहे. मोटारींना त्या वंगणाची गरज नसते आणि गाडीवानही कमी झाले, पण नववा दगड आहे तिथेच आहे. आतोबा नाहीत. त्यांची छत्री आत्याने खुंटीला ठेवली आहे. कितीही पाऊस असला तरी ती कुणाला उघडू देत नाही.

पण दगड वाचला त्या दिवशी परतताना आतोबा टांग्यात छत्री मांडीवर आडवी घेऊन बसले होते. आठवा दगड आला आणि घोडा थांबला. आतोबा उतरले नाहीत. टांगेवाल्याने लगाम ओढला, चुचकारलं, पण घोडा हलेना.

"कधीपासून माहीत होतं तुला?" आतोबांनी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून."

त्यांनी छत्रीवरचे इंच अंगठ्याने पुसल्यासारखे केले. "म्हणजे राजाचा कोस..." ते म्हणाले आणि थांबले.

कुणी न विचारताच मी तोंड उघडलं, आणि या खेपेला मराठीत. "आतोबा, उतरा. घोडा खोळंबलाय. आणि नवव्या दगडाची पाठ बाभळीला टेकलेली आहे, तिकडे अजून कुणाचाच हात गेलेला नाही. कंपनीने राजाच्याच दगडावर कोरलं नसेल कशावरून? पुढच्या रविवारी मी बघते."