रेडिएटरची पावडर

थोरल्या जावेच्या पपईच्या जॅमला गल्लीत तोड नव्हती. कोपऱ्यावरचा बेकरीवाला दुसऱ्या कुणाच्या जॅमला दुकानात उभंही करत नसे. मग घरात धाकटी आली. तिने पपईत लिंबू पिळलं, चिमूटभर पांढरी पावडर टाकली, आणि तिच्या बरण्या महिनोन्‌महिने टिकायला लागल्या. थोरलीच्या जॅमवर आठवड्यात बुरशी. बेकरीवाल्याचं मन डळमळलं आणि इकडे थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

थोरलीचा नवरा गॅरेजात मेकॅनिक. जेवताना तो सहज बोलून गेला, "धाकटीची ती पांढरी पावडर म्हणजे सोडियम बेन्झोएट ना? आमच्याकडे रेडिएटरच्या पाण्यात असतं ते. गंज धरत नाही."

झालं! हिच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "अगं बाई, गाडीत घालतात ते पावाला लावून खाताय?" असं दारोदार सांगत सुटली. लोकांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि धाकटीचाच जॅम खाल्ला.

शेवटी बेकरीवाला म्हणाला, "दोघी एकेक बरणी भरून ठेवा. महिन्याने आणा. जी चांगली निघेल, तिचाच जॅम यापुढे माझ्या दुकानात."

आता मात्र थोरलीने धाकटीच्या डब्यातली चिमूटभर पावडर हळूच उचलून आपल्या जॅममध्ये टाकली. लिंबू नाही हं! लिंबाची चव लगेच कळते. लोक म्हणणार, धाकटीची नक्कल केली. पावडर कोण ओळखतंय?

महिन्याने तिने घरीच आपल्या बरणीचं झाकण उघडलं तर वर हिरवीगार बुरशी. धाकटी मागेच उभी होती.

"जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "आंबट असल्याशिवाय ती पावडर काम करत नाही हो. लिंबू पिळायला हवं होतं."

म्हणजे चोरीही कळली होती! धाकटीने आपल्याच दोन बरण्या काढल्या आणि एकीवर थोरलीच्या नावाची चिठ्ठी चिकटवली.

बेकरीवाल्याने दोन्ही चाखल्या. चिठ्ठीवाली पुन्हा चाखली. "वा वहिनी! मुरलेला हात तो मुरलेला हात. जॅम तुमचाच घेणार. धाकट्या वहिनी, तुम्ही जरा शिकून घ्या यांच्याकडून."

"हो, शिकते ना," धाकटी हसू दाबत म्हणाली.

हेच शब्द ऐकायला थोरलीचा जीव तळमळत होता, आणि आता ते ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. घरी येईपर्यंत ती मनातल्या मनात धुसफुसत राहिली. दिसायला चांगली, ते सोसलं. हाताला चव, तेही सोसलं. पण मेली मनानंसुद्धा चांगली निघाली!